मुलांच्या डोक्यावरून : बालचित्रपटांतील प्रौढ विनोद आणि संबोधनाचा प्रश्न

‘श्रेक’ (२००१) या चित्रपटात एक छोटा प्रसंग आहे. दलदलीत एकटा राहणारा श्रेक हा राक्षस आणि त्याच्या मागे लागलेले बडबडे गाढव असे दोघे लॉर्ड फारक्वाडच्या नगरीपाशी येतात. समोर आभाळात घुसलेला किल्ला आहे. तो पाहून, या माणसाला आपली कसली तरी उणीव भरून काढायची असावी, असा शेरा श्रेक मारतो आणि स्वतःच हसतो. गाढव त्या हसण्यात सामील होत नाही. मी हा चित्रपट प्रथम पाहिला तेव्हा प्रेक्षागृहातील मोठी माणसे या जागी हसली, आणि माझ्या शेजारी बसलेली सहा वर्षांची भाचीही हसली. मग माझ्याकडे वळून तिने विचारले, “मामा, तू का हसलास?” यात हसण्यासारखे काय आहे, असे तिला विचारायचे नव्हते, ती स्वतः हसलीच होती. आपण ज्याला हसलो त्यालाच मामाही हसला की दुसऱ्या कशाला, अशी शंका तिला आली होती. प्रस्तुत लेखाचा विषय ही शंका आहे.

बालचित्रपटांत दडलेल्या प्रौढ विनोदाविषयी जे बोलले जाते ते बहुतांशी दोन प्रकारचे असते. एक पालकांची आणि नीतिरक्षकांची तक्रार : करमणुकीच्या नावाखाली मुलांपुढे नको ते मांडले जाते. दुसरी हौशी रसिकाची शोधयात्रा : लहानपणी ध्यानात न आलेल्या जागा मोठेपणी हुडकून त्यांच्या याद्या करणे. हे दोन पक्ष वरवर परस्परविरोधी दिसत असले तरी त्यांचे गृहीतक एकच आहे. अर्थ ही संहितेत कोठेतरी पुरून ठेवलेली वस्तू आहे आणि ती उकरून काढली की समीक्षेचे काम संपले, असे दोघेही मानतात. या समजुतीची परिसीमा पाहावयाची तर ‘द रेस्क्यूअर्स’चे उदाहरण घ्यावे. डिस्नेच्या १९७७ सालच्या या चित्रपटाच्या सुमारे ३४ लाख ध्वनिचित्रफिती कंपनीने जानेवारी १९९९ मध्ये परत मागवल्या, कारण एका दृश्याच्या पार्श्वभूमीवर अर्धविवस्त्र स्त्रीचे छायाचित्र दोन चौकटींत आढळले होते. सेकंदाला २४ चौकटी या वेगाने सरकणाऱ्या चित्रपटात दोन चौकटी म्हणजे सेकंदाचा बारावा हिस्सा. फीत थांबवून, चौकट चौकट पुढे सरकवल्याखेरीज ते चित्र कोणाच्या नजरेस पडण्याचा संभव नव्हता. येथे लपवणे आहे, खोडसाळपणाही आहे. परंतु याला विनोद म्हणता येणार नाही, कारण त्याला श्रोता नाही.

श्रोत्याचा मुद्दा फ्रॉइडने १९०५ सालच्या आपल्या विनोदविषयक ग्रंथात पुरेसा स्पष्ट केला आहे. लैंगिक सूचनेच्या विनोदाला त्याच्या मते तीन व्यक्ती लागतात : विनोद करणारी, जिच्यावर तो रोखलेला असतो ती, आणि जिच्या हसण्यात त्याची परिपूर्ती होते ती तिसरी. बालचित्रपटात या त्रिकुटात एक चौथी व्यक्ती येऊन बसते. विनोद तिच्यावर रोखलेला नसतो, तिच्यासाठीही केलेला नसतो. तो तिच्या देखत होतो आणि तिला कळणार नाही हे गृहीत धरूनच होतो. शिवाय हे नाटक मुळात तिच्या नावाने उभे केलेले असते. तिकीट पालक काढतो, पण मुलासाठी काढतो. या चौथ्या व्यक्तीचे स्थान काय, याचे उत्तर फ्रॉइडपाशी नाही. तो प्रश्न त्याच्यापुढे नव्हताच.

बालसाहित्याच्या समीक्षेने मात्र तो हाताळला आहे. झोहार शावित यांनी १९८६ मध्ये उभयविध संहितांची कल्पना मांडली. ‘अॅलिस’सारखी पुस्तके अधिकृतरीत्या मुलांना उद्देशून असली तरी त्यांचा पुरा वाचक प्रौढच असतो, मूल हे पुष्कळदा निमित्तमात्र असते, अशी त्यांची भूमिका आहे. बार्बरा वॉल यांनी १९९१ मध्ये निवेदकाच्या आवाजावरून अधिक बारीक भेद केला. मुलाशी बोलत असल्याचा बहाणा करून त्याच्या डोक्यावरून प्रौढाला डोळा मारणारा आवाज वेगळा, आणि एकाच वाक्यात दोघांनाही तितक्याच प्रामाणिकपणे सामावून घेणारा आवाज वेगळा. पहिल्याला आपण दुटप्पी संबोधन म्हणू, दुसऱ्याला उभय संबोधन. वॉल यांचा कल उघडच दुसऱ्याच्या बाजूचा आहे, आणि मला तो योग्य वाटतो. तथापि हे दोन्ही विचार पुस्तकाच्या अनुभवावर उभे आहेत. मुलाला पुस्तक वाचून दाखविणारा बाप एखाद्या वाक्याशी मनातल्या मनात हसून पुढे जाऊ शकतो. त्याचे हसू त्याच्या ताब्यात असते. प्रेक्षागृहात ही सोय नाही. तेथे दोघेही एकाच अंधारात, एकाच क्षणी, एकाच पडद्यासमोर असतात आणि प्रौढाचे हसू मुलाला ऐकू जाते. संहितेने मुलापासून जे राखून ठेवले ते शेजारच्या खुर्चीतून फुटते. अर्थ मुलाला कळत नाही, पण येथे आणखी एक अर्थ आहे एवढे मात्र त्याला तत्क्षणी कळते. पुस्तकाच्या संदर्भात शावित म्हणतात तसे मूल निमित्तमात्र राहू शकेल. चित्रपटाच्या संदर्भात ते या दुहेरी व्यवहाराचे साक्षीदार होते.

‘दडवलेला’ हे विशेषण इतिहासाच्या दृष्टीनेही तपासून घ्यावयास हवे. वॉर्नर ब्रदर्सचे ‘लूनी ट्यून्स’ १९३० पासून निघू लागले ते चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटापूर्वी दाखविण्यासाठी. समोर बसलेला प्रेक्षक सर्व वयांचा होता. १९३४ पासून हॉलिवूडची आचारसंहिता काटेकोरपणे अंमलात आली आणि बेटी बूपचा पेहराव आणि नखरा दोन्ही सोज्ज्वळ झाले. सूचकतेचे जे कसब त्या काळात वाढीस लागले ते मुलांना चकविण्यासाठी नव्हते; परीक्षकाला चकविण्यासाठी होते. टेक्स एव्हरीने १९४३ मध्ये एमजीएमसाठी ‘रेड हॉट रायडिंग हूड’ केला. त्यात परीकथेतला लांडगा रात्रीच्या क्लबात टेबलाशी बसून गाणाऱ्या तरुणीसाठी वेडापिसा होतो. त्या लांडग्यात दडलेले काहीच नाही. पुढे १९५०च्या दशकापासून हे लघुपट दूरचित्रवाणीवर मुलांच्या वेळात येऊ लागले आणि कार्टून म्हणजे मुलांचे, हे समीकरण पक्के झाले. संहिता होती तशीच राहिली, तिच्यासमोरचा प्रेक्षक बदलला, आणि जे उघड होते ते आपोआप ‘दडलेले’ ठरले. डिस्ने, पिक्सार आणि ड्रीमवर्क्स यांनी १९९०च्या दशकात आणि पुढे जे केले ते या अपघाताचे शास्त्र बनविणे होय. घरी ध्वनिचित्रफितीवर तोच चित्रपट मुलांबरोबर पुनःपुन्हा पाहावा लागणाऱ्या पालकासाठीही त्यात काही ठेवणे व्यापारदृष्ट्या शहाणपणाचे होते.

एकाच वाक्याने निरनिराळ्या श्रोत्यांना निरनिराळे सांगणे ही गोष्ट आपल्या काव्यशास्त्राला नवी नाही. ‘सूर्य मावळला’ एवढ्या साध्या वाक्यातून सेनापतीला, अभिसारिकेला, मजुराला आणि गुराख्याला काय काय सूचित होते, याचा पाढा मम्मटाने वाचला आहे. आपल्या विषयाच्या अधिक जवळचे उदाहरण ‘ध्वन्यालोका’तील त्या प्राकृत गाथेचे आहे. नायिकेच्या ओठावर व्रण आहे. नवरा परतलेला आहे. सखी नायिकेला दटावते : नको म्हणत असता भुंगा बसलेले कमळ हुंगायला गेलीस, आता भोग. नवऱ्याला यातून बायकोचे निरपराधित्व कळते. प्रियकराला, सवतीला आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना आणखी वेगवेगळे काही कळते, आणि अभिनवगुप्ताने ते एकेक करून उलगडून दाखविले आहे. आपल्या बालचित्रपटाच्या प्रेक्षागृहात मूल कोणाच्या जागी बसले आहे, असे विचारले तर उत्तर विनोदी आहे : ते त्या नवऱ्याच्या जागी बसले आहे. (त्या नवऱ्याविषयी कोणा आलंकारिकाने हळहळ व्यक्त केल्याचे स्मरत नाही.)

या उदाहरणातील दोन गोष्टी आपल्या उपयोगाच्या आहेत. पहिली अशी की नवऱ्याच्या पदरी पडलेला अर्थ तुटका नाही. कमळ, भुंगा, व्रण, दटावणी, सगळे जुळते. तो समाधानाने घरात जाऊ शकतो. ध्वनीचे जे दोन मूळ भेद आनंदवर्धनाने केले त्यांपैकी विवक्षितान्यपरवाच्यात वाच्यार्थ उभा राहतो आणि पलीकडे बोट दाखवितो. अविवक्षितवाच्यात तो वळवला जातो किंवा पुरता टाकून द्यावा लागतो. आनंदवर्धन हे भेद अर्थाच्या व्यापाराविषयी करतो, श्रोत्यांच्या वयाविषयी नव्हे, हे मला मान्य आहे. तरीही बालचित्रपटातील प्रौढ विनोदाची परीक्षा करण्यास याहून चांगली कसोटी मला दिसत नाही. विनोद कितपत अश्लील आहे, हा प्रश्न दुय्यम होय. ज्या प्रेक्षकापर्यंत केवळ वाच्यार्थ पोहोचणार आहे त्याच्या हाती त्या क्षणी काही पुरे पडते की पोकळ टरफल पडते, हे पाहावयास हवे. दुसरी गोष्ट फरकाची आहे. त्या गाथेतील डाव यशस्वी होतो कारण तेथे कोणी मोठ्याने हसत नाही.

या कसोटीवर ‘टॉय स्टोरी’ (१९९५) घासून पाहू. मिस्टर पोटॅटो हेड हे बटाट्याच्या आकाराचे खेळणे आपले डोळे, नाक, कान भलत्याच भोकांत खोचते आणि आपण पिकासो झाल्याचे जाहीर करते. डुकराच्या आकाराचा गल्ला, हॅम, म्हणतो की मला नाही कळले; त्यावर बटाटा त्याला असंस्कृत डुक्कर म्हणून निघून जातो. पाच वर्षांच्या मुलाला पिकासो ठाऊक असण्याचे कारण नाही. पण कानाच्या जागी नाक आलेला चेहरा त्याला जितका गमतीचा वाटतो तितका कदाचित प्रौढाला वाटत नसेल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे न कळण्याचा अनुभवच येथे पडद्यावर आणून ठेवला आहे. न कळलेल्या मुलाला हॅमची सोबत मिळते. डुकराला डुक्कर म्हणणे ही शिवी की वस्तुस्थिती, हा दुसरा विनोद आणि तो मुलाच्या पूर्ण आवाक्यातला आहे. चार ओळींच्या संवादात प्रौढाला कलेतिहासाचा एक शेलका तुकडा मिळाला आणि मुलाला दोन तुकडे मिळाले.

त्याच चित्रपटात वुडी हा जुना गुराखी बाहुला नव्याने आलेल्या बझच्या लेसरची टवाळी करतो, तेव्हा तोच बटाटा हा लेसरचा मत्सर असल्याचे निदान करतो. फ्रॉइडच्या एका कुप्रसिद्ध संज्ञेवर केलेली ही कोटी आहे आणि मानसशास्त्राचे पुस्तक चाळलेल्या प्रौढाला ती लगेच पकडता येते. आता मुलाच्या बाजूने पाहा. वुडीला बझच्या लेसरचा मत्सर वाटतो हे शब्दशः खरे आहे. किंबहुना त्या मत्सरावरच सबंध चित्रपट उभा आहे. मुलाने वाच्यार्थ घेतला तर त्याच्या हाती कथेचे मर्म लागते. प्रौढाने व्यंग्यार्थ घेतला तर त्याला एक कोटी मिळते, आणि तिच्या नादात कथेकडे क्षणभर दुर्लक्ष होण्याचा धोकाही पत्करावा लागतो. शावित यांच्या सिद्धान्ताची बाजू येथे उलटते. पुरा वाचक कोण आणि निमित्तमात्र कोण, हे सांगणे अवघड होते.

आता ‘श्रेक’मधील त्या किल्ल्याकडे परत यावे. भाचीला मी तिचाच प्रश्न उलट विचारला. ती म्हणाली, “तो बुटका आहे ना, म्हणून त्याने उंच घर बांधलं.” फारक्वाड ठेंगणा आहे ही गंमत चित्रपटाने यापूर्वीच, त्याला उंच टेबलापाशी आणून, दाखविलेली असते. म्हणजे मुलीचा अर्थ पुरावा धरून काढलेला होता. मोठी माणसे ज्या अर्थाला हसली तो तरी काय निराळा होता? न्यूनता आणि तिची भरपाई, उंची आणि तिचे प्रदर्शन, ही रचना तीच. फक्त सबंध देहाच्या जागी देहाचा एक अवयव घातलेला. प्रौढ अर्थ हा बाल अर्थाहून खोल नाही, तो त्याचाच संकोच आहे. मला तर तिचा अर्थ अधिक व्यापक वाटतो, कारण सत्ता आणि वास्तुकला यांच्या संबंधाविषयी तो खरोखर काही सांगतो. हा विनोद यशस्वी आहे तो चातुर्याने लपविला म्हणून नाही. त्याचे दोन्ही मजले एकाच पायावर उभे आहेत म्हणून.

त्याच चित्रपटातील दुसरी जागा मात्र मला हिणकस वाटते. जादूचा आरसा फारक्वाडपुढे तीन राजकन्या वधू म्हणून सादर करतो, दूरचित्रवाणीवरील जोडीदार निवडण्याच्या खेळाच्या थाटात. हिमगौरीची ओळख करून देताना ती सात पुरुषांबरोबर राहत असली तरी सहज वश होणारी नव्हे, अशा अर्थाची टिप्पणी होते. सात बुटक्यांची गोष्ट मुलाची आहे. ती त्याने झोपताना ऐकलेली आहे, आणि ते सात पुरुष आहेत असा विचार तिच्यात कोठेही नाही. टिप्पणीच्या उत्तरार्धातून मुलाच्या हाती काहीही येत नाही. येते ते इतकेच, की आपल्या गोष्टीला मोठी माणसे कशासाठी तरी हसत आहेत. येथे मुलाचे अज्ञान हे विनोदाचे आवरण राहत नाही, त्याचा कच्चा माल होते. ‘श्रेक’ला अॅनिमेशनपटासाठीचे पहिले ऑस्कर मिळाले आणि त्याच्या अनुकरणात पुढे जे पीक आले त्याने किल्ल्याऐवजी आरसाच गिरविला, ही खेदाची गोष्ट आहे. फारक्वाडच्या नावातील इंग्रजी शिवीची कोटी मी या चर्चेत धरत नाही. तो केवळ नादाचा खेळ आहे. मुलाला नाद मिळतो आणि त्याचे काही जात नाही.

‘अलादीन’ (१९९२) मधील जिनी हे प्रकरण यांहून निराळे आहे. रॉबिन विल्यम्सने ध्वनिमुद्रणात उत्स्फूर्तपणे केलेल्या नकला एरिक गोल्डबर्ग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी चित्रांत उतरविल्या. त्यांत एड सलिव्हन आहे, ग्रूचो मार्क्स आहे, विल्यम बकलीसुद्धा आहे. सलिव्हनचा कार्यक्रम १९७१ मध्येच बंद पडला होता. १९९२ च्या अमेरिकन मुलाला तो ठाऊक असणे शक्य नव्हते. मुलाला दिसतो तो क्षणोक्षणी रूप पालटणारा निळा देह, आणि रूप पालटणे हा तर जिनीचा धर्मच. वाच्यार्थ येथेही भक्कम आहे. पण या चित्रपटाने मला निराळ्याच प्रश्नाकडे नेले. बकली कोण, हे मलाही ठाऊक नव्हते. माझ्या शहरातील चित्रपटगृहात त्या जागेला बहुधा कोणीच हसले नाही. म्हणजे या विनोदापुरते आम्ही सारे मराठी प्रौढ त्या अमेरिकन मुलाच्या रांगेत बसलो होतो. ‘प्रौढ’ विनोदाची सीमारेषा वयाने आखली जाते ही समजूत येथे डळमळते. ती संकेतांच्या मालकीने आखली जाते. वय हा त्या मालकीचा एक दाखला, एवढेच.

ज्या घरांत आईवडील मराठी माध्यमातून शिकले आणि मुले इंग्रजी माध्यमात जातात, अशी पुष्कळ घरे माझ्या परिचयाची आहेत. तेथे हा व्यवहार अधिकच गुंतागुंतीचा होतो. वाक्य मुलाला चटकन कळते, सूचना कळत नाही. पालकाला पात्राच्या सुरावरून सूचनेचा वास येतो, वाक्य हातून निसटते. मग मूल वडिलांना शब्द समजावून सांगते आणि वडील ऐकताना अवघडतात. कोण कोणापासून काय लपवीत आहे? असाच उलटा व्यवहार आपल्या काही लोककोड्यांत दिसतो. कोडे ऐकताना मोठ्याचे कान लाल व्हावेत आणि उत्तर निघावे सुईदोरा किंवा उखळमुसळ. तेथे निष्पाप उत्तर पोराच्या मुठीत असते आणि ओशाळतो तो मोठा. दादा कोंडके यांनी हीच युक्ती पडद्यावर आणली. त्यांचा भोळसट, लोंबत्या नाडीचा नायक हा वयाने वाढलेला पोरच आहे. तो शब्दशः तेवढेच बोलतो, आणि दुसरा अर्थ ऐकण्याचे पाप प्रेक्षकाच्या पदरी घालतो. कोंडके यांचे चित्रपट मुलांसाठी नव्हते. तरीही मुलाची जागा विनोदाला किती आवश्यक असते हे त्यांच्याइतके मराठीत कोणी ओळखले असेल असे वाटत नाही. ती जागा प्रेक्षागृहात भरली नाही तर पडद्यावर भरावी लागते.

भाषांतरात हे सारे पुन्हा ढवळले जाते. ‘द इन्क्रेडिबल्स’ (२००४) हिंदीत ‘हम हैं लाजवाब’ म्हणून आला, तेव्हा बापाला शाहरुख खानने आणि मुलाला त्याच्याच मुलाने आवाज दिला. अमेरिकन मध्यमवर्गीय नोकरदाराच्या कोंडमाऱ्यावरील उपरोध हिंदीत कितपत पोहोचला कोण जाणे. पण पडद्यावरच्या बापलेकांमागे खरे बापलेक बोलत आहेत, या जाणिवेची एक नवीच गंमत त्या जागी बसविली गेली. ती प्रौढालाही कळते आणि मुलालाही. दुटप्पी संबोधनाचे उभय संबोधन झाले, व्यापाराच्या वाटेने का होईना.

आतापर्यंतच्या विवेचनावरून प्रौढ विनोद म्हणजे लैंगिक विनोद असे समीकरण मनात तयार होण्याचा संभव आहे; पाश्चात्त्य चर्चेत ते झालेलेच आहे. सत्यजित राय यांचा ‘हीरक राजार देशे’ (१९८०) या संदर्भात डोळ्यांसमोर ठेवावा. गुपी आणि बाघा ही जोडी १९६९ च्या ‘गुपी गाइन बाघा बाइन’पासून बंगाली मुलांच्या ओळखीची. या दुसऱ्या चित्रपटात ती हिऱ्यांच्या खाणी असलेल्या एका राज्यात येते. तेथे उत्पल दत्त यांनी रंगविलेला राजा शाळा बंद करतो, पुस्तके जाळतो, आणि कुरकुर करणाऱ्या शेतकऱ्याला वा खाणकामगाराला एका यंत्रात घालून त्याच्या मेंदूत राजस्तुतीची यमके भरून बाहेर काढतो. बहुतेक पात्रे यमकांत बोलतात आणि दरबारी माना डोलावतात. उत्सवासाठी पाहुणे येणार म्हणून गोरगरिबांना नजरेआड हलविले जाते. आणीबाणीत दिल्लीत आणि इतर शहरांत जे घडले त्याचे हे प्रतिबिंब असल्याचे राय यांनी स्वतः एका मुलाखतीत सांगितले आहे. मूल येथे यंत्राला हसते, यमकांना हसते, होयबांच्या डोलणाऱ्या मानांना हसते. १९७५ ते १९७७ हा काळ जगलेला बाप हसता हसता थबकतो. ‘श्रेक’च्या प्रेक्षागृहात प्रौढाचे हसू जास्तीचे होते, येथे कमी पडते. मुलाने वळून पाहिले तर त्याला वडील का हसले असे विचारावे लागणार नाही. का हसले नाहीत, असे विचारावे लागेल. आणि त्या प्रश्नाला उत्तर देता येते. ते देणे बापाचे कर्तव्यही ठरते. लैंगिक कोटीच्या वेळी बाप ‘मोठा झालास की कळेल’ म्हणून सुटका करून घेतो. दोन्ही प्रकारांना ‘प्रौढ’ हे एकच विशेषण लावणे ही आपल्या परिभाषेची गरिबी होय.

आपल्याकडील प्रमाणपत्रांची व्यवस्था १९८३ पासून ‘यूए’ हा मधला वर्ग मानीत आली आणि २०२३ च्या कायदादुरुस्तीने त्या वर्गाचे ७, १३ आणि १६ या वयांवर तीन तुकडे केले. अशा व्यवस्थेला दृश्य आणि शब्द मोजता येतात. वाच्यार्थ पोकळ आहे की भरीव, हे मोजणे तिच्या आवाक्याबाहेरचे आहे. शिवाय मूल आता पुष्कळदा हातातल्या पडद्यावर एकटेच चित्रपट पाहते. शेजारची खुर्ची रिकामी आहे. हसू ऐकू येत नाही, म्हणून शंकाही येत नाही. प्रौढाला मारलेला डोळा रिकाम्या खोलीत जातो. ज्यांना यात मुलांचे संरक्षण दिसते त्यांच्याशी मी सहमत नाही. आणखी एक अर्थ आहे हे कळण्याची ती एक वाट होती आणि ती बंद होत आहे.

‘टॉय स्टोरी २’ (१९९९) च्या अखेरीस, श्रेयनामावली सरकत असता, चित्रीकरणात चुकलेले प्रसंग म्हणून काही गमती दाखविल्या होत्या. त्यांपैकी एकीत स्टिंकी पीट हा म्हातारा खाणकामगार बाहुला दोन बार्बी बाहुल्यांशी लाडीगोडीने बोलत, पुढच्या भागात त्यांना भूमिका मिळवून देता येईल असे सुचवीत असतो. कॅमेरा आपल्यावर आहे हे ध्यानात येताच तो गडबडतो. ऑक्टोबर २०१७ नंतर ‘मी टू’ चळवळीत चित्रपटव्यवसायातील जे व्यवहार उघड झाले त्यांच्या प्रकाशात ही गंमत राहिली नाही, आणि २०१९ मध्ये घरगुती आवृत्ती नव्याने निघाली तेव्हा तो तुकडा तिच्यातून काढून टाकला होता. आमच्या कसोटीवर तो १९९९ मध्येही नापासच होता. कोणीतरी काहीतरी करताना पकडले गेले एवढेच मुलाला दिसते. काय करताना, ते दिसत नाही आणि दिसण्याची काही सोयही केलेली नाही. पण तो काढला गेला तो या कारणाने नव्हे. मुलाला जे १९९९ मध्ये कळत नव्हते ते २०१९ मध्येही कळले नसते. त्याच्या बाजूने काहीच बदलले नव्हते. शेजारच्या खुर्चीतील माणसाला आता तेथे हसता येईना. जुन्या तबकड्यांवर तो तुकडा अजून आहे, आणि ज्या मुलांनी १९९९ मध्ये मागे वळून आपल्या आईवडिलांना तेथे हसताना पाहिले, त्यांपैकी अनेक जण आता स्वतःच्या मुलांना घेऊन तो चित्रपट लावीत असतील.